पिंट्याने सोडलेला रोट

माझा दीर पिंट्या मेला, त्याला आज दोन वर्षं झाली.

"देवाघरी गेला" वगैरे मला लिहिता येत नाही. चौथी शिकलेली बाई आहे, चुका काढू नका.

तुम्ही त्याला टीव्हीवर पाहिलं असेल. नऊ नंबरची जर्सी. फुटबॉलचा स्ट्रायकर.
मी त्याला सुरतच्या उधन्यात मिलमागच्या मैदानात अनवाणी खेळताना पाहिलंय.

आमच्या घरात सगळे कापडाच्या लूमवर. हा एकटा बॉलमागे.
हजीऱ्याच्या एका कंपनीच्या टीमने उचलला. मग गोव्याचा मोठा क्लब.
पहिली मॅच टीव्हीवर लागली तर अख्खी गल्ली आमच्या खोलीत! चहा करून मेले मी.

घरी आला तेव्हा सुनावलं, "पळतात दुसरे. तू नुसता गोलपाशी उभा!"
हसला. "वहिनी, बॉल जिथे पडणार तिथे आधी पोचायचं, हेच माझं काम. बॉल जोसेफ टाकतो. नाव माझं होतं."

जोसेफ केरळचा. त्याच टीममध्ये उजव्या बाजूने पळायचा.

मग पिंट्याचा गुडघा गेला. ऑपरेशन करूनही खेळ संपला तो संपलाच.
जोसेफ त्याला सुरतला घेऊन आला. त्याला पाठीवर घेऊन आमचा जिना चढला.

घरात कानबाई बसलेली.
खान्देशी लोकांना माहितीये, बाकीच्यांना सांगते. कानबाई म्हणजे श्रावणात घरी बसवायची आमची देवी. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळून रोट करायचे. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला घाससुद्धा नाही.

पिंट्याने आपला रोट मोडून जोसेफपुढे धरला.
सासूने हातच पकडला. "तो आपला भाऊबंद शे का?"
"माय, त्याने बॉल दिला म्हणून मी आहे."
"दिधा व्हई. रोट घरनासनाच ऱ्हास." म्हणजे दिला असेल, पण रोट घरच्यांचाच.

पिंट्याने ताट सरकवलं.
जोसेफ म्हणाला, "अरे, माँ से झगड़ा मत कर. मुझे पुरणपोळी दे दो."

त्यानंतर पिंट्याने रोट कधी खाल्ला नाही. दर कानबाईला तेच. "जोसेफला देणार असाल तर वाढा."
आई हट्टी, लेक तिच्यावर. मधे मी!

पुढे कडोदऱ्याला लूमवर मास्टर झाला. तिथेच छातीत कळ आली.

जोसेफ विमानाने आला. उचलायच्या आधी पोचला. खांदा दिला.

तेव्हापासून दर रविवारी त्याचा सासूला फोन. हिला हिंदी येत नाही, त्याला अहिराणी येत नाही. तरी फोन ठेवत नाहीत. काय बोलतात कानबाईलाच ठाऊक.

पहिल्या वर्षी घरात दुःख, म्हणून कानबाई नाही. या श्रावणात बसवली.
मी गहू घेत होते. नवऱ्याची मूठ झाली. पोराची झाली.
पिंट्याच्या नावाशी हात थांबला.

सासू खेकसली, "थांबनी काब? जोसेफना नावनी ले."
"माय, रोट घरनासनाच ऱ्हास ना?"
"मंग? मी काय येगळं सांगी ऱ्हायनू?"

जोसेफ आला. सासूने स्वतः वाढलं. रडत होता आणि खात होता.
मी म्हटलं, "पहले खा लो, बाद में रोना."

पिंट्या, बॉल पोचला रे.
तुझ्या वाटचा रोट जोसेफने खाल्ला, दह्याशी. चाटूनपुसून.
आता रुसवा सोड आणि नीट झोप.

तुझी वहिनी