किसनची शंका

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं पुढं तुम्हाला माझी कीवच यायला लागेल.

साठ-पासष्ट सालाकडची गोष्ट. लोणावळ्याच्या एका हायस्कुलात गणित शिकवायला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. नोकरी कायम झाल्याशिवाय मुलगी देणार नाही, असं होणाऱ्या सासऱ्यांनी बजावलेलं. आणि कायम करायचं की नाही, ते इन्स्पेक्टर साहेब माझा एक तास बघून ठरवणार!

त्यात मी नुकताच पुण्याला शिक्षकांचं शिबिर करून आलेलो. तिथं काय सांगितलं? मुलांना त्यांच्या गावातला प्रश्न द्या, उत्तर सांगू नका, त्यांना शंका काढू द्या. उत्तम. पण पोरांनी शंका काढल्याच नाहीत तर? मग त्या मीच काढल्या. पाच शंका कागदावर लिहिल्या, पाच जणांना वाटून दिल्या आणि आठवडाभर घोकून घेतल्या.

साहेब मागच्या बाकावर बसले. मी फळ्यावर गणित घातलं. चार माणसं भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सहा दिवसांत करतात, तर बारा माणसं किती दिवसांत करतील?

पहिली शंका आली, दुसरी आली. साहेब खूष. तिसरीच्या वेळी मात्र वर्ग गप्प. मग शेजारच्या औंढे गावची हौसा उठली.

"सर, किसन घरच्या आवनीला गेलाय. त्याची शंका मी इचारू का?"

आता तुम्हीच सांगा, मी तोंड कुठं लपवायचं?

साहेब शांतपणे म्हणाले, "त्याची राहू दे. बाळ, तुझी स्वतःची काय शंका आहे?"

"माझी पाचवी हाय."

"ती नव्हे. तुला खरं काय वाटतं?"

हौसानं फळ्याकडं बोट केलं. मग म्हणाली, "दोन दिस कशाला लागत्याल? इर्जिक घातली की आख्खा गाव मदतीला येतो, एका दिसात आवनी उरकती. दोन दिस समद्यांना जेवान कोन घालनार?"

अहो, शिबिरवाल्यांनी ज्याच्यासाठी घसा कोरडा केला होता ते हेच! आणि मी काय केलं? खेकसलो, "हौसा, खाली बस. उत्तर दोनच आहे."

साहेबांनी शेरा लिहिला आणि माझी नोकरी आणखी वर्षभर लोंबकळली. सासऱ्यांना काय कारण सांगणार? शेऱ्याची नक्कलच नेऊन दाखवली. 'विद्यार्थी विचार करतात. शिक्षकाने अडवू नये.'

त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून माझ्या हातात दिला.

"आमची मुलगीसुद्धा विचारच करतेय," ते म्हणाले. "तुम्ही अडवू नका."