पिंकीचा खोकला आणि खिडकीवरचा पत्रा

तुम्ही हसणार, हे ठाऊक आहे मला. हसा! फक्त चहाचा घोट आधी गिळा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी आमच्या गावात, खोडदला, स्लॅबचं घर बांधलं. चातुर्मासात घरभरणी होत नाही, म्हणून तो लागायच्या आत, गिलावा ओला असतानाच रंग मारला आणि राहायला गेलो. मिरवायची घाई, दुसरं काय!

श्रावणात झड लागली आणि आमच्या सहा वर्षांच्या पिंकीला खोकला धरला. छातीतून सूं-सूं आवाज यायचा. अंगण ओलांडलं तरी पोर धापा टाकत बसायची. माझा तर जीव खालीवर!

डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल आहे का?"

मला असा राग आला म्हणता! "नव्या घरात कसली वल? आत्ताच रंग मारलाय!"

आता भिंतीवर काळे ठिपके उठले होते, हे खरं. पण मी त्यावर कॅलेंडर लावलं होतं. ठिपके कॅलेंडरच्या बाहेर आले, तेव्हा कपाट सरकवलं. दिसत नाही म्हणजे नाही!

मग खोकला कशाचा? एक दिवस खिडकीतून बाहेर पाहिलं आणि उत्तर समोरच उभं. आकाशातल्या लहरी टिपणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या अजस्र छत्र्या! आमच्या शिवारात तेव्हा नव्यानंच उभ्या राहिलेल्या.

"मंगल, ह्या छत्र्यांच्या लहरी पोरीच्या छातीत जात्यात!"

बायको म्हणाली, "अवो, आपली म्हस रोज तिकडंच चरती. ती कुटं खोकती?"

"म्हशीची छाती मोठी असती!"

पत्र्यातून लहरी जात नाहीत, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. कुणी, ते विचारू नका. मी तेलाचे डबे चिरले आणि खिडकीवर पत्रे ठोकले. फटींत गोणपाट कोंबलं. दाराला आतून प्लास्टिक. ओले कपडे आत, स्टोव्ह आत, माणसं आत आणि वारा तेवढा बाहेर!

पिंकीचा खोकला वाढला. मग मंगल खोकायला लागली, मग मी. यावरून मी काय ताडावं? लहरींचा जोर वाढलाय!

दुर्बिणीवर काम करणारे एक साहेब गावातच राहायचे. त्यांना भर रस्त्यात गाठलं. "साहेब, निदान रविवारी तरी छत्र्या बंद ठिवा राव!"

"अहो भाऊ, त्या लहरी सोडत नाहीत. आकाशातून येतात त्या नुसत्या ऐकतात."

"मग आमचा खोकला नाय का ऐकू येत?"

माणूस भला. भांडायचं सोडून घरी बघायला आला. उंबऱ्यात पाय ठेवला आणि सटासट शिंका! नाकाला रुमाल लावून म्हणाले, "आपण बाहेर बसू या का?"

मंगलनं चहा कांद्याच्या बराखीपाशी आणला. काहीतरी बोलायचं म्हणून साहेबांनी विचारलं, "कांदा साठवायच्या या बराखीला एवढ्या फटी का हो ठेवता?"

झालं! माझ्या आवडीचा विषय. "साहेब, कांद्याला वारं पायजे! कोंडला की त्याला घाम सुटतो, मग काळी बुरशी. आमी तिला काजळी म्हंतो. एकाची दुसऱ्याला लागती, सगळा ढीग जातो. बराख बंद करणारा शेतकरी म्हंजी निव्वळ येडा!"

साहेब नुसते खिडकीवरच्या पत्र्याकडे बघत राहिले. मग मीही बघितलं. आतून पिंकीचा खोकला ऐकू येत होता.

अशी लाज वाटली म्हणून सांगू! पकड घेऊन उठलो, पत्रे उपटले, कपाट ओढलं. मागची भिंत काजळीनं काळी ठिक्कर! पिंकीला उचलून बाहेर आणली आणि बराखीच्या सावलीला वाऱ्यावर बसवली. पोरीनं छाती भरून श्वास घेतला, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

मंगलनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली,

"पिंके, पुढल्या जल्मी कांदा हो गं माझे बाई. तुझा बाप लई नीट सांभाळील!"