धुक्यात रडलो तो मी

हे लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. मधू देवस्थळी जाऊन दीड महिना झाला. आता टाळायला सबब उरलेली नाही. खरं सांगायचं तर तो गेल्याचा फोन आला तेव्हाही आधी मनात आलं, आता याच्यासाठी सगळं मंडळ हळहळणार... दुःख मागाहून आलं.

आम्ही दोघं देश सोडून इथे आलेलो आणि रॅफल्स प्लेसच्या बँकांतून निवृत्त झालेलो. दर रविवारी सकाळी इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना मधू बुकित तिमाच्या टेकडीवर न्यायचा. सार्सची साथ ओसरल्यावर पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघंच स्कॉटलंडच्या एका टोकाच्या बेटावर डोंगर चढायला गेलो. समुद्राकाठी वीसेक घरं, प्रत्येकाकडे खंडाने घेतलेला जमिनीचा चिंचोळा तुकडा, थोड्या मेंढ्या, मागे उघडाबोडका डोंगर. मी फोटो काढत सुटलो. आम्ही उतरलो त्या घरच्या म्हाताऱ्या मालकीणबाईंना मधूने पहिलाच प्रश्न विचारला, "या जमिनीत बटाटा कसा होतो?" झालं! तिसऱ्या दिवशी तो त्यांच्या मेंढ्या वळत होता आणि म्हातारी त्याच्या पावावर दुप्पट लोणी लावत होती. मी शेवटपर्यंत नुसता 'मधूचा मित्र'. बेट शोधलं मी, तिकिटं काढली मी... नुसता जळत होतो.

चौथ्या दिवशी डोंगरावर अचानक धुकं उतरलं. पुढचं पाऊल दिसेना. मी खाली बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. मधूने माझी सॅक स्वतःच्या छातीवर अडकवली, माझा हात धरला. "तू फक्त माझ्या बुटांकडे बघ रे," म्हणाला आणि ओढ्याच्या आवाजाचा माग काढत मला गावात घेऊन आला.

परतल्यावर मंडळात सहलीचा वृत्तान्त सांगायची आमच्याकडे पद्धत. बोलायला मी उभा राहिलो आणि माणसांची अदलाबदल केली. रडला मधू, हात धरला मी. सभागृह खदखदून हसलं. "काय देवस्थळी, रविवारी आम्ही तुमचं बोट धरायचं की तुम्ही आमचं?" मागून कुणीतरी ओरडलं. मधूही हसला. "सांगू द्या हो त्याला, छान रंगवतो," एवढंच म्हणाला. पुढच्याच महिन्यात रविवारची टेकडी माझ्याकडे आली. तीच तर मला हवी होती. मधू पाच वर्षं रांगेत सगळ्यांच्या मागून चालला. एका शब्दाने बोलला नाही, आणि त्याच्या त्या मोठेपणाचाही मला हेवाच वाटत राहिला.

शेवटच्या आठवड्यात इस्पितळात गेलो ते माफी मागायचं ठरवूनच. त्याची बायको, सुलभावहिनी, कॉफी आणायला खाली गेल्या.

"बोल की," मधू म्हणाला. "मघापासून नुसतं तोंड उघडतोयस नि मिटतोयस."

"मधू, ते धुक्याचं..."

"हं?"

तो वाट बघत होता. खरंच वाट बघत होता.

"आज इथेही तसंच दिसतंय बघ," मी म्हणालो. "पलीकडे इंडोनेशियात जंगलं पेटलीत, त्यांचा धूर."

त्याने सावकाश मान खिडकीकडे वळवली.

"हो," म्हणाला. "जाताना मास्क लाव."