काटा साठवर

आमच्या मोटारसायकलला घाम फुटला तो आप्पांच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी.

आप्पा म्हणजे माझे वडील. पिंपरीतल्या एका कंपनीत ते तपासणी खात्यात होते. मशीनवरून उतरलेला भाग गेज लावून बघायचा आणि मापात नसला की रिजेक्ट म्हणून बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. ती नजर घरीही उतरत नसे. (आईच्या भाकरीला त्यांनी कधी गेज लावलं नाही, पण बघायचे तसंच.) कासारवाडीहून कंपनीत ते जन्मभर सायकलवर गेले. मी घेतलेल्या जुन्या मोटारसायकलवर बसायला त्यांची एकच अट होती: काटा चाळीसच्या पुढं गेला की मी उतरणार. त्यामुळे मागं बसल्यावर ते रस्ता बघत नसत. माझ्या खांद्यावरून मीटर बघत.

आईची मात्र एक इच्छा होती. शेवटच्या दिवशी आप्पांनी गळ्यात हार घालून, मुलाच्या गाडीवरून दारात उतरावं आणि तिनं शेजारणींच्या देखत त्यांना ओवाळावं. इतकी वर्षं भल्या पहाटे डबा भरून देणाऱ्या बाईनं मागितलं ते एवढंच.

"सायकल न्हाई आणायची त्या दिवशी," ती म्हणाली. "तू जाऊन घिऊन ये त्यांना."

मी शब्द दिला. शब्द दिला म्हणून गाडी धुतली आणि तिथंच सगळं बिघडलं. नळाला पाणी जोरात होतं आणि मलाही जोर चढला होता. रबरी नळी घेऊन मी गाडीला असं न्हाऊ घातलं की तिच्या कानाकोपऱ्यात पाणी गेलं. थोड्या वेळानं बघतो तर मीटरच्या काचेवर आतून वाफ धरलेली! मी फडक्यानं पुसली. पुन्हा पुसली. बाहेरून पुसून आतली वाफ जात नाही, हे ध्यानात येईपर्यंत माझं फडकं फाटायला आलं होतं.

आईनं वाकून बघितलं आणि गाडीला घाम आलाय, म्हणजे ताप उतरला, असं निदान केलं. आप्पांनीही चष्मा लावून बघितलं. काटा दिसत नाही तर मी बसणार नाही, एवढं बोलून ते पेपर वाचायला गेले.

गाडी उन्हात लावली, तर वाफेचे थेंब झाले. शेवटी शेजारच्या दामूभाऊला बोलावलं. तो फिटर. त्यानं मीटर गाडीवरून सोडवलं, कडं उचकटून काच काढली आणि म्हणाला, "आता ह्ये तांदळात ठेवा. मिठाच्या बरणीत तांदूळ टाकता न्हवं वहिनी? वल वडून घेतो त्यो."

आईनं लगेच सणासाठी जपून ठेवलेल्या आंबेमोहोराचा डबा पुढं केला. मीटर रात्रभर सुगंधी तांदळात झोपलं.

सकाळी ते खडखडीत कोरडं होतं. दामूभाऊनं काच बसवली आणि कडं हातोडीनं ठोकून पक्कं केलं. इतकं पक्कं की नंतर ते कुणाच्या बापाला निघेना. आणि मग आम्हाला दिसलं, की काटा साठवर आहे. त्याच्या खाली तांदळाचा एक दाणा अडकून बसला होता. धक्के बसले की पडेल, असं सांगून दामूभाऊ शिफ्टला निघून गेला.

संध्याकाळी कंपनीकडे जाताना मी वाटेतला एकही खड्डा सोडला नाही. माझी हाडं खिळखिळी झाली, दाणा हलला नाही.

गेटवर आप्पा हार आणि नारळ घेऊन उभे होते, भोवती त्यांचे सोबती. त्यांनी आधी मीटर बघितलं.

"गाडी उभी आहे ना?"

"उभी आहे."

"मग साठ कुठून आले?"

मी तांदळाची हकिगत सांगितली. त्यांनी ती गंभीरपणे ऐकली आणि म्हणाले, "गेज बिघडलं की मशीन बंद. आमच्या खात्याचा नियम आहे."

"आप्पा, आई दारात उभी असेल हो," मी म्हणालो, आणि माझा आवाज चक्क रडवेला झाला.

त्यांनी नारळ काखेत धरला आणि म्हणाले, "मशीन बंदच ठेव. मी बसतो."

आप्पा मागच्या सीटवर बसले आणि मी हँडल धरून गाडी ढकलू लागलो. सोबत्यांनी मागून हात लावला. बसमधली माणसं वाकून बघत होती, कुणी नवरदेव कुठं चाललाय म्हणून विचारत होतं. आपापला रस्ता आला तसा एकेक सोबती आप्पांचे हात हातात घेऊन गेला. शेवटी आम्ही दोघंच उरलो. आप्पांची नजर मीटरवरच होती.

"काटा बरोबर आहे रे," ते हळूच म्हणाले. "साठच झाली."

आपले वडील म्हातारे झाले, हे मला त्या क्षणापर्यंत खरंच कळलं नव्हतं. मी उगाच चाक बघायला खाली वाकलो.

दारात शेजारणी केव्हाच्या ताटकळल्या होत्या. आईनं विझलेली निरांजनं पुन्हा लावली आणि गाडीवर बसलेल्या आप्पांना ओवाळलं. मग मीटरपाशी वाकून म्हणाली, "ह्यो माझा आंबेमोहोर." तिचे डोळे भरून आले होते, ते काही तांदळापायी नाही.

आप्पा खाली उतरले. त्यांनी गाडी न्याहाळली, घामानं निथळणाऱ्या मला न्याहाळलं, आणि सगळ्यांसमोर नोकरीतला शेवटचा निकाल दिला.

"गाडी रिजेक्ट. पोरगा चालेल."

चाललोच होतो की मी, पिंपरीपासून.