गाडीला हात कळतो म्हणे

अन्याय माझ्या आत्यावर झाला. गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी सातच्या सुमारास, वेरूळच्या रस्त्यावरच्या पडेगावात आमच्या दारासमोर, सगळ्या गल्लीच्या साक्षीनं. अन्याय करणारे घरचेच, म्हणून पोलिसात कुणी गेलं नाही. उलट साक्षीदार आमच्याच ओट्यावर बसून चहा पिऊन गेले.

मी पत्रकं लिहिते. नळाला पाणी नाही, शाळेला छप्पर नाही, एसटीची फेरी बंद केली, असलं काही झालं की लिहायचं आणि चौकात उभं राहून वाटायचं. पत्रकात आधी सांगावं लागतं की कुणाचं काय गेलं. आत्याची पार्टी गेली. पार्टी म्हणजे जेवणावळ नव्हे. टुरिस्ट गाडी चालवणारे गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात. आत्याची ती पहिली पार्टी होती.

आमचं घर मेंढरांचं. आजोबांना सगळेच आबा म्हणतात. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर आबांनी कळप विकला आणि पोरांच्या बरोबरीनं लेकीलाही वाटा दिला. आमच्या नात्यात ही गोष्ट अजून खालच्या आवाजात सांगतात, जशी काही चोरी झाली. आत्या सासर सोडून माहेरी आलेली. ‘आता शिवणकाम शिक’ असं सांगणारे ढीगभर होते. तिनं आपल्या वाट्यातून जुनी गाडी घेतली, पिवळ्या पाटीची. लायसन काढलं. स्टेशनकडच्या एका लॉजच्या मॅनेजरला जाऊन भेटली. त्यानं दहा वेळा ‘चालवता येतं ना मॅडम?’ विचारून शेवटी नागपूरचं एक जोडपं तिला दिलं. वेरूळची लेणी दाखवायची, येताना खुलताबाद, दौलताबाद.

आदल्या संध्याकाळी गाडीची पूजा झाली. आबांनी बोनेटवर भंडारा उधळला, पुढं लिंबू-मिरची लटकवली. मग आत्याच्या हातातून चावी मागून घेतली, खाटेवर पाठमोरे बसले आणि बराच वेळ काहीतरी करत राहिले. चावी परत आली तेव्हा तिच्या मानेला काळा दोरा गच्च गुंडाळलेला. कुणाला नवल वाटलं नाही. आमच्याकडं दोरा लेकराला बांधतात, म्हशीला बांधतात, गिरणीच्या पट्ट्यालाही बांधतात.

सकाळी आत्या गाडीत बसली. नवी साडी, केसाला तेल. चावी फिरवली. गाडी चालू झाली, एक श्वास घेतला आणि बंद पडली. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. समोरच्या काचेखाली चावीचं चित्र असलेला एक लाल दिवा लुकलुकत होता, पण त्याच्याकडं बघतो कोण? सगळे आत्याकडं बघत होते.

“क्लच दाब की,” गल्लीतून कुणीतरी म्हणालं.

“दाबलाय.”

“आगं, मग जोरात दाब.”

शेजारचे चाचा दात घासत आले. “बेटा, पेट्रोल का काटा देख्या क्या? मेरे साले की गाडी भी ऐसीच रुकती थी.”

“चाचा, टाकी फुल हाय.”

“फिर बॅटरी होना.” एवढं निदान करून चाचा चूळ भरायला गेले.

तेवढ्यात मोठे काका आले. काका प्लॉटिंगच्या धंद्यात आहेत. त्यांची गाडी नवी, बटणाची. तिला चावी लावावी लागत नाही, हे ते ओळख झाल्यावर दुसऱ्या वाक्यात सांगतात. आत्या तोवर आपली चावी मुठीत धरून मॅनेजरला फोन लावायला ओट्यावर गेली होती. काकांनी देवळीजवळच्या खिळ्यावरची दुसरी चावी उचलली, सीट मागं सरकवली, चावी फिरवली. गाडी जी चालू झाली ती चालूच राहिली.

गल्लीत कुणीतरी टाळी वाजवली. खरंच वाजवली, मी नाव सांगणार नाही.

काका काच खाली करून म्हणाले, “गाडीला हात कळतो, बाई. जनावर हाय शेवटी.”

नागपूरचं जोडपं तोवर दुसऱ्याच्या गाडीतून वेरूळला निघालं होतं.

त्या आठवड्यात हाच खेळ रोज झाला. आत्या बसली की गाडी बंद. काका आपल्याजवळ ठेवून घेतलेल्या चावीनं बसले की चालू. प्रयोग झाला, पुन्हा झाला, निकाल तोच आला. मी विज्ञानाची बाजू घेऊन भांडत असे आणि काका मला विज्ञानच शिकवत: “डोळ्यानं दिसतंय ना? मग?” काकूही म्हणाल्या, “तिच्या हाताला तसंही काय लागू नाय व्हत.” हे ‘तसंही’ म्हणजे आत्याचं लग्न. आत्या भाकरी थापत होती. तिनं ती भाकरी इतक्या जोरात तव्यावर टाकली की काकू अंगणात निघून गेल्या.

काकांनी ठरवून टाकलं: पुढच्या रविवारची पार्टी घ्यायची नाही, गाडीवर ड्रायव्हर ठेवायचा, आत्यानं घरी बसून ‘लक्ष ठेवायचं’. घरी बसून गाडीवर लक्ष कसं ठेवतात ते मला अजून कळलेलं नाही.

मी फोनवर वाचत बसले. त्यातून मला समजलं ते सांगते, कारण हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. गाडी विकणाऱ्यानंही नाही. चावीचं जे काळं प्लास्टिकचं डोकं असतं, त्यात तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप असते. तिला सेल नसतो. चावी भोकात घातली की भोकाभोवती बसवलेलं तारेचं कडं जागं होतं आणि त्याच्या लहरींवरच ती चिप जागी होते. मग गाडी विचारते, कोण? चिप उत्तर देते. उत्तर ओळखीचं असलं तर इंजिनाला पेट्रोल मिळतं, नसलं तर चार आचके देऊन गप्प. आबा अंधारात मेंढी ओरडली तर आपली की परकी हे सांगायचे, तसलंच हे. फक्त गाडी दर वेळी प्रश्न बदलते, म्हणजे कुणी कालचं उत्तर चोरून ठेवलं तरी आज उपयोग नाही. लोखंडाचे दाते जुळणं पुरेसं नाही. चावीला बोलता यायला हवं.

म्हणजे गाडी कुणाचा तरी आवाज ओळखते हे खरं. पण हात? हात ती ओळखत नाही. तिला बाई कळत नाही, जात कळत नाही, सोडलेलं सासर कळत नाही. घरात आवाज चढवून सांगितलं, तर काका म्हणाले, “मग दोन्ही चाव्या बोलतात ना? मग गाडी हिच्याशीच काहून बोलंना?” माझी दोन पत्रकं मनात तयार होती, पण पत्रकानं इंजिन चालू होत नाही.

शनिवारी काका आपल्या व्याह्यांना वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला घेऊन निघाले. बटणाची गाडी, धुतलेली, अत्तर मारलेली. त्यांनी पाकीट, फोनचा चार्जर आणि सगळ्या चाव्या काकूंच्या पर्समध्ये कोंबल्या, कारण खिसा फुगला की शर्टाची इस्त्री मोडते. बटण दाबून गाडी चालू केली. व्याहीणबाई मागं नीट मावेनात, तेव्हा काकू म्हणाल्या, “मी राहते, तुम्ही जाऊन या,” आणि पर्स घेऊन उतरल्या. गाडी टुंग टुंग ओरडायला लागली. काका म्हणाले, “ही नेहमीच वरडती, बेल्टसाठी,” आणि गेले.

चावी घरी, गाडी वेरूळला. चालत्या गाडीतून चावी उतरली तर गाडी कोकलते, पण थांबत नाही. भर रस्त्यात बंद पडून कुणाचा जीव जाऊ नये म्हणून तशी सोय केलेली असते. एकदा बंद केली की मात्र संपलं. ती आपल्या आसपास चावीला हाक मारते आणि आसपास चावी नसते.

दर्शन झाल्यावर काकांचा फोन आला. काकूंनी पर्स पालथी केली. वेलचीची डबी, पाकीट, बटणाच्या गाडीची जाडजूड चावी आणि आत्याच्या गाडीची ती दुसरी चावी. माझे वडील घरात नव्हते. चाचांची रिक्षा दुरुस्तीला. काकूंनी आत्याकडं बघितलं, मग आकाशाकडं.

“तू... जाऊन येतीस का?”

आत्या म्हणाली, “माझ्या हाताला कुठं काय लागू व्हतं, वैनी?”

“जा गं आता. व्याही उन्हात उभे हायेत.”

आत्यानं पर्समधली चावी घेतली, बसली, फिरवली. गाडी चालू झाली. काकूंचा हात तोंडावर गेला. आम्ही वाट बघत राहिलो, आता बंद पडेल, मग बंद पडेल. गाडी गुरगुरत राहिली.

कुणीही दुसरं असतं तर तशीच वेरूळला पळवली असती. आत्यानं गाडी बंद केली. कमरेची स्वतःची चावी काढली, लावली. एक श्वास, बंद. पुन्हा काकूंच्या पर्समधली. चालू. पुन्हा आपली. बंद.

ती खिडकीतून बाहेर वाकली. “वैनी, हात तर तोच हाय ना?”

मी उडी मारून गाडीपाशी गेले. दोन्ही चाव्या तळहातावर ठेवल्या. दाते सारखे, डोकी सारखी. फरक एकच, काळा दोरा. पण दोरा म्हणजे सूत. सुतानं लहरी अडत नाहीत. आत्यानं नखानं दाबून बघितलं. सुताखाली कडक काहीतरी होतं.

आबा खाटेवर बसून सगळं बघत होते. दोरा त्यांच्यासमोर कापायचा तिला धीर होईना. ती जवळ जाऊन बसली.

“आबा, दोऱ्याच्या आत काय हाय?”

“तांब्याची तार.” आबांनी सरळ सांगितलं, लपवण्यासारखं त्यात काय. “नव्या एडक्याच्या शिंगाच्या बुडाला घालतो तीच. चांगले वेढे घालून टोकं पिळून टाकली, निसटू नये म्हणून. वरून दोरा, नायतर तुला टोचली असती.”

“कशाला घालत्यात ती?”

“जनावरानं आपला कळप सोडून जाऊ नये म्हणून.”

आत्या इतकी हसली की पदर तोंडात धरावा लागला. “लागू झाली की वो आबा! जागचंच हललं नाय!”

तांब्याचं बंद कडं चिपेच्या आणि गाडीच्या कड्याच्या बरोबर मधे बसलं की लहरींचा जोर तेच खाऊन टाकतं. चिप जागीच होत नाही. हे मी आबांना समजावू लागले, तर त्यांनी मला हातानं गप्प केलं. “म्हंजे मी तिच्या जनावराचं तोंड बांधलं?”

“व्हय,” मी म्हणाले.

“आन् त्या मोठ्याच्या चावीला बांधलं नव्हतं.”

“नाय.”

आबांनी पक्कड मागितली. स्वतःच्या हातानं पीळ सोडवला, तार काढली. कुणाला हात लावू दिला नाही. ती तार त्यांनी गाडीतल्या आरशाच्या दांडीला बांधली आणि म्हणाले, “इथं चालंल?” मी म्हणाले, इथं पाहिजे तेवढी बांधा.

मी आत्याशेजारी बसून गेले. दौलताबादच्या अरुंद वेशीतून तिनं गाडी अशी काढली की दोन्ही बाजूंचे दगड बघत राहिले असतील. घाट चढून खुलताबाद मागं पडल्यावर ती म्हणाली, “आठ दिवस मलाबी वाटत व्हतं, बघ. खरंच माझाच हात असंल का.” या एका वाक्याचा मला अजून राग येतो. तार आबांनी प्रेमानं बांधली होती. हे वाक्य तिच्या तोंडात घालणाऱ्या आम्हा बाकीच्यांकडं कसलं कारण होतं?

वेरूळच्या पार्किंगमध्ये काका गाडीला टेकून उभे, व्याही लिंबाच्या सावलीत. आत्यानं काच खाली केली.

“काय दादा, हात चालंना व्हय?”

“हाताचा काय संबंध? चावी राहिली घरी.”

“अच्छा. चावी.”

व्याह्यांना काहीच माहीत नव्हतं, तरी ते हसले. काकांनी बघितलं आत्याकडं, मग माझ्याकडं. मी सगळं सांगितलं, तारेपासून. काका ऐकत होते आणि बटणाची चावी एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते. त्यांची गाडी बंद पडली तर चावीचा दोष, आत्याची बंद पडली तर हाताचा. एवढं साधं वाक्य, पण ते कळायला त्यांना वेरूळपर्यंत यावं लागलं.

येताना व्याहीणबाई आत्याच्या गाडीत बसल्या, कारण काकांच्या अत्तरानं त्यांना मळमळत होतं. काकांनी ‘ड्रायव्हर ठेवायचा’ हा विषय परत काढला नाही. माफी? आमच्या घरात माफी मागत नाहीत. काकांनी दुसऱ्या दिवशी आत्याची गाडी धुऊन दिली आणि ‘पाणी उरलं होतं’ असं सांगितलं. पडेगावात! पाणी उरलं होतं!

गोष्ट इथं संपली असती तर मी लिहिलंच नसतं. आत्यानं मॅनेजरला पुन्हा फोन केला. गाडी उत्तम आहे, चाव्या दोन्ही चालतात. तो म्हणाला, “मॅडम, माझं काय नाय हो. पार्टीला विचारतो, बाई ड्रायव्हर चालंल का, तर पार्टी नको म्हणते.” ही पार्टी कोण असते? कुठल्या खाणीतून काढतात? काका नव्हेत, काकू नव्हेत. नागपूरहून, पुण्याहून, जळगावहून आलेली शिकलीसवरलेली माणसं. आत्याच्या गाडीत अजून आठवड्याला एखादीच पार्टी बसते, आणि बाकीचे दिवस ती गाडी पुसून दारात उभी असते.

म्हणजे ती पार्टी तुम्ही आहात. तुमच्याकडं पाहुणे येतील, लेणी बघायची म्हणतील, तुम्ही गाडीसाठी फोन लावाल. पलीकडचा विचारेल, बाई ड्रायव्हर चालंल का? ‘चालेल’ म्हणा. त्यानं विचारलं नाही तर तुम्हीच बाईची गाडी मागा. मागल्या सीटवर बसा, बेल्ट लावा आणि घाटात तिला क्लच शिकवू नका.