चंद्रा म्हशीचा घाटा

बायका कुणाकुणावर जळतात? जावेवर जळतात, नणंदेवर जळतात, शेजारणीच्या नव्या लुगड्यावर जळतात. पण म्हशीवर जळलेली बाई तुमच्या बघण्यात आहे का? नसेल तर नीट बघून घ्या, तुम्हाला चहा ओतून देतेय ती तीच. बरं, नुसती जळून थांबले असते तरी चाललं असतं. पुढं जो पराक्रम केला तो आता सांगते. मात्र हसायचं ते सगळं सांगून झाल्यावर. मध्येच हसलात तर कपबशा उचलून मी आत जाईन.

गोष्ट लढाईच्या दिवसांतली. आमचं गाव तासगावपासून दोन कोसांवर. मालक पलटणीत. घरात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मामंजी, माझ्या दोन मुली आणि मी. मालक रजेवर येऊन गेले आणि मला तिसऱ्यांदा दिवस राहिले.

पहिलटकरणीचं कौतुक सगळं गाव करतं. दुसऱ्या खेपेला निदान घरातले तरी विचारतात. तिसऱ्या खेपेला बाईनं आपली आपण दळणं दळावीत, पाणी भरावं आणि वेळ आली की सांगावं, एवढीच अपेक्षा असते. तेही मी चालवून घेतलं असतं. पण मला चौथा महिना लागला आणि मामंजी बाजारातून गाभण म्हैस घेऊन आले.

काळीभोर, शिंगं मागं वळलेली, चालणं असं की वाट तिच्या बापाची. आत्याबाईंनी तिच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं आणि नाव ठेवलं चंद्रा. मग म्हशीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, बोटांवर महिने मोजले आणि मान हलवली. मला वाटलं, तुलना चालली आहे. आणि तुलनेत मी हरले, हेही मला तिथंच वाटलं.

का वाटलं, तेही सांगते. माझ्या धाकटीच्या वेळी माझ्या अंगावर दूधच आलं नाही. पोर रडून रडून निळी व्हायची. आत्याबाई वर्षभर रोज सकाळी तांब्या घेऊन धनगरवाड्यावर शेळीच्या दुधाला जायच्या. चिखल असो, ऊन असो, त्या जायच्या. एका शब्दानं मला कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी चार अश्रू ढाळून मोकळी झाले असते. त्या बोलल्या नाहीत, म्हणून मीच रोज स्वतःशी बोलत राहिले, की ही बाई कामाची नाही असं त्यांनी मनात धरलंय. आणि आता दाराशी आणून बांधली ती कोण, तर जिचा धंदाच दूध द्यायचा.

मग सुरू झाले चंद्राचे लाड. तिला कोमट पाणी, मला आडाचं. तिच्या पाठीला तेल, माझ्या डोक्यावर शेणाची पाटी. मालकांचं पत्र यायचं ते मामंजींच्या नावानं. मामंजी अक्षरं लावत मोठ्यानं वाचायचे. “म्हशीस जपावे. पेंड कमी पडू देऊ नये. कितवा महिना चालू आहे ते कळवावे. मुलींस आशीर्वाद. बाकी मंडळींस यथायोग्य.” त्या बाकी मंडळींत मी. वडिलांना लिहिलेल्या पत्रात बायकोची चौकशी करायची रीत नव्हती, हे मला ठाऊक होतं. पण म्हशीची करायची रीत होती, हे मला नवीन होतं.

मला आठवा महिना सरला तशी आत्याबाईंनी चंद्राचा घाटा सुरू केला. घाटा म्हणजे बाजरी भरडून मऊ शिजवायची आणि त्यात गूळ, मेथ्या, बाळंतशेपा, सुंठ घालून रटरटवायची. व्यायला झालेल्या जनावराला ताकद येते, पुढं दूध चांगलं उतरतं. लढाईमुळं गूळ मिळायची मारामार. आमच्या भाकरीवर नखाएवढा खडा, आणि चंद्राच्या घाट्यात ढेपेचा तुकडा. वर मूठभर हळीव. हळीव, बरं का. बाळंतिणीच्या लाडवात घालतात ते.

“आत्याबाई, म्हशीला हळीव?” मी एकदा विचारलंच.

“लागत्यात,” त्या म्हणाल्या. “तू तुजं काम कर.”

माझं काम काय, तर रोज दुपारी तो घाट्याचा टोप गोठ्यात नेऊन चंद्रापुढं ठेवायचा. पहिल्या दिवशी मी नुसतं बोट घालून चाखलं. दुसऱ्या दिवशी चार बोटं. काय चव होती म्हणून सांगू. माझा डोहाळा सगळ्या गरोदरपणात चिंचेवर गेला नाही, पेरूवर गेला नाही, तो गेला म्हशीच्या घाट्यावर. आठवड्याभरात मी पदराखाली वाटी लपवून न्यायला लागले. मी दगडावर बसायची, वाटीनं खायची आणि उरलेल्या टोपात कोंडा नि पाणी कालवून चंद्रापुढं सरकवायची. ती हुंगायची आणि माझ्याकडं बघायची. मी तिला म्हणायची, “बघू नगंस. तुला पाठीला तेल मिळतंय.”

पोट भरायचं ते भरायचंच, पण खरं सांगू का, जीव जास्त निवायचा.

पंधरा दिवसांत चंद्राच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. आत्याबाई हवालदिल झाल्या.

“आवं, ह्ये काय वो?” त्या मामंजींना म्हणाल्या. “एवढं घालतुया, मग जातंय कुठं?”

“दिष्ट लागली आसंल,” मामंजी म्हणाले.

झालं. मीठ-मिरच्या आल्या. दृष्टीची परीक्षा तुम्हाला माहीत आहेच, दृष्ट लागलेली असली तर जळत्या मिरच्यांचा ठसका लागत नाही म्हणतात. आत्याबाई मिरच्यांची मूठ चंद्रावरून ओवाळत पुटपुटायला लागल्या, “आल्यागेल्याची, पाप्याची, घरच्याची, दारच्याची...” ‘घरच्याची’ म्हणाल्या आणि मिरच्या निखाऱ्यावर पडल्या. मामंजी ठीक, मुली ठीक, आत्याबाई ठीक. मला एकटीला असा ठसका लागला की डोळ्यांतून धारा. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काय उगाच नाही.

“तू का गं खोकतीस?” आत्याबाईंनी विचारलं.

“गरवार हाय ना,” मी म्हणाले. गरवारपणाचा खोकल्याशी काय संबंध, हे कुणी विचारलं नाही.

या सगळ्याचा निकाल काय लागला? म्हैस वाळली म्हणून आत्याबाईंनी घाटा दुप्पट केला. माझी वाटी गेली आणि परात आली.

मधल्या काळात तान्हूबाई सुईण येऊन मला बघून गेली. पोटावर हात फिरवला आणि गालाकडं बघत राहिली. “काय गं, खातीस तरी काय? कांती लय उजळलीया.”

“भाकरी.”

“भाकरीनं आसलं गाल येत न्हाईत, बाय.” पण ती जास्त खोलात शिरली नाही.

मग तो दिवस आला. शाळूची कापणी चालली होती, दुपारची वेळ. चंद्रा उठबस करायला लागली. आत्याबाई सगळं टाकून गोठ्यात धावल्या. मामंजी तिच्या शेपटीशी, आत्याबाई तिच्या पाठीशी. मला हुकूम आला, “व्याल्याबरुबर गरम घाटा द्याचाय. टोप कोपऱ्यात झाकून ठेव नि बस तितं.”

मी बसले. टोपाजवळ बसले. तिकडं आत्याबाई चंद्राच्या अंगावरून हात फिरवत होत्या, “माज्या बाय, माज्या लक्षुमी, आता थोडंच ऱ्हायलं.” मला ‘माज्या बाय’ कधी कुणी म्हटलं होतं? माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि हात आपोआप टोपात गेला. तिकडं एक ‘माज्या लक्षुमी’, इकडं एक घास. लाडाची आणि माझ्या खाण्याची शर्यतच लागली म्हणा ना.

टोप तळाला आला आणि माझ्या कंबरेतून पहिली कळ गेली.

आता शहाण्या बाईनं काय करावं? हाक मारावी. मी काय केलं? तोंड मिटून बसले. म्हटलं, बघूया तरी, कुणाकडं बघताय ते. दुसरी कळ आली, मी दावणीची मेख धरली. तिसरी आली, तशी पदराचा बोळा तोंडात कोंबला. पोटात लेकरू फिरतंय आणि डोक्यात हट्ट, की मी सांगणार नाही, त्यांना आपणहून कळलं पाहिजे. चौथ्या कळेला मी एकटीच मरणार असं मला वाटलं, आणि तेव्हाही पहिला विचार काय आला असेल? की मी मेले तर ही म्हैस माझ्या जागेवर जेवायला बसेल.

आत्याबाईंनी सहज मान वळवली. माझ्या तोंडाकडं एकदाच बघितलं आणि चंद्राला तशीच सोडून उठल्या.

“आगं, म्हस सोडून कुठं निघालीस?” मामंजी ओरडले.

“ती ढोर हाय, तिला कळतं,” आत्याबाई म्हणाल्या. “हिला काय कळत न्हाई. तुमी भाईर व्हा नि तान्हूला बलवा.”

घरापर्यंत चालायची माझी अवस्था राहिली नव्हती. आत्याबाईंनी तिथंच कडबा अंथरला, वर वाकळ टाकली, माझ्या नि चंद्राच्या मध्ये स्वतःचं जुनं लुगडं बांधलं. माझी पाठ आपल्या छातीशी धरली आणि माझ्या कानात म्हणाल्या, “माज्या बाय, आता थोडंच ऱ्हायलं.” शब्द म्हशीचेच होते. पण मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. मी हमसून रडले, तेवढ्यात आलेल्या तान्हूबाईला वाटलं कळांनी रडतेय.

तासाभरात माझी सुटका झाली. लुगड्याच्या पलीकडं चंद्राही सुटली, कुणाच्या मदतीशिवाय. मला तिसरी मुलगी आणि चंद्राला रेडा. म्हशीला रेडी व्हावी आणि बाईला मुलगा, असं जग मागतं. देवानं नेमकं उलटं करून ठेवलं.

“चिठ्ठ्या बदलल्या वाटतं,” तान्हूबाई म्हणाली. आत्याबाईंनी तिला गप्प केलं आणि पोरीला पदरात घेतलं.

तेवढ्यात मामंजी रेडकू बघायला परतले, लुगड्याखालून हात घालून त्यांनी टोप पलीकडं ओढला आणि त्यांचा आवाज आला. “आगं, घाटा कुठं ठेवलाय? टोप तर रिकामा हाय.”

तान्हूबाई माझ्या तोंडाजवळ वाकली आणि तिनं वास घेतला.

“मेथ्या,” ती म्हणाली.

पुढं लपवण्यात अर्थ नव्हता. मी डोळे मिटून सगळं सांगितलं. बोट, वाटी, परात, कोंडा, सगळं. आणि कशासाठी, तेही सांगितलं, की तुम्ही तिला लक्ष्मी म्हणता आणि मला काम सांगता. पलीकडं मामंजी खोकत बाहेर निघून गेले.

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. “आगं येडे,” त्या म्हणाल्या, “म्हस आणली कुणासाठी? धाकटीच्या वक्ताला तू रातभर रडायचीस, ते मला ऐकू येत हुतं. म्हनलं, ह्या खेपंला लेकराला घरचं दूध आसावं. तुला वंगाळ वाटू नये. तुज्या मालकाला बी आदीच कळवलं हुतं.”

“मग मला का न्हाई सांगितलं?”

“पोटातल्या लेकराच्या नावानं आदी काय बोलत्यात व्हय? काय आणलं तरी मुक्यानं आणायचं आसतंय.”

म्हणजे सगळं माझ्यासाठीच चाललं होतं. हळीव माझ्यासाठी, गूळ माझ्यासाठी, तेलसुद्धा आडून माझ्यासाठीच. आणि मी काय केलं होतं? माझ्याच लेकराचं दूध मी म्हशीच्या तोंडातून काढून खाल्लं होतं.

आता चंद्रा दूध कशाच्या जोरावर देणार? कोंड्याच्या? पहिले दोन दिवस मामंजी चरवी घेऊन बसायचे आणि तळ जेमतेम झाकून उठायचे. मी पोरीला पोटाशी धरून म्हणायची, आता पुन्हा धनगरवाडा.

पण तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या अंगावर असं दूध दाटलं की चोळी भिजली, पदर भिजला, पोरगी पिऊन पिऊन झोपली तरी आटेना. महिनाभराची बाजरी, मेथ्या, शेपा, हळीव एकदम कामाला लागले होते. मी ओरडूनच आत्याबाईंना बोलावलं. त्यांनी बघितलं, पदर डोळ्यांना लावला आणि मग हसत सुटल्या.

“घाट्याची काय चूक न्हाई,” त्या म्हणाल्या. “ज्येच्या पोटात गेला, तितं लागू पडला.”

दुसऱ्या दिवसापासून दोन टोप शिजायला लागले. एक माझ्यापुढं यायचा आणि दुसरा चंद्रापुढं. चंद्रा मात्र आपला सोडून माझ्याच टोपाकडं बघायची. ती नजर मी ओळखली. इतके महिने मी तिच्याकडं तशीच बघत होते.

मामंजींनी मालकांना पत्र धाडलं. सुनेच्या दुधाचं सासरा लिहिणार कसा? म्हणून लिहिलं, “मुलगी झाली. दुधाची कमतरता नाही. घाटा फुकट गेला नाही.”

सव्वा वर्षानं मालक रजेवर आले. मुलगी गुटगुटीत, अंगणात धावत होती. त्यांनी तिला उचलली, कौतुक केलं आणि ट्रंक उघडली. मला वाटलं, आता माझ्यासाठी काहीतरी निघणार. निघाली ती पितळी घुंगरांची माळ. ती घेऊन सरळ गोठ्यात गेले, चंद्राच्या गळ्यात घातली, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, “हिचं उपकार इसरायचा न्हाई. हिच्याच दुधावर माजी लेक वाढली.”

मामंजी आडाकडं बघायला लागले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण बोलू काय? दूध माझं म्हणावं, तर घाट्याची चोरीही माझीच निघत होती. मी मान खाली घातली.

आत्याबाई शेणाची पाटी घेऊन मागून चालल्या होत्या. माझ्याजवळ थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “मान वाकवू नगंस. मला ठावं हाय माळ कुणाची ती, पर तुज्या गळ्याला लय ढिली व्हईल.”