खुंटीवरची काळी टोपी

हे गेल्याचं सुमनला कळवायचं कोणी, यावरून आमच्या घरात दोन दिवस नुसती चुळबुळ चालली होती. सुमन म्हणजे माझी नणंद, यांची पाठची बहीण. चाळीस वर्षांवर झाली, तिनं कल्याणच्या या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, आणि राहत होती कुठं, तर ठाण्याला! शेवटी मीच मुलाला म्हटलं, "जा, आत्याला सांगून ये. येईल न येईल, तिची मर्जी." ती तेराव्याला आली. पांढरी साडी, पांढरे केस, मेट्रनबाईंची ताठ मान अजून तशीच. यांच्या फोटोसमोर थोडा वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "वहिनी, दादावर माझा राग होता तो होताच. पण आता तो धरायचा तरी कुणावर?" मी खाली मान घालून तिला चहा दिला… त्या वेळी बोलायला हवं होतं ते बोलले नाही, म्हणून आता लिहायला बसले आहे.

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. आई म्हणायची, हिला दुधात माशी दिसली नाही तर ही गाळून बघेल. हे अगदी उलट, कुणी काही सांगितलं की खरं मानून मोकळे. लग्नाला दीड वर्ष झालं असेल आमच्या. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. सुमन ठाण्याला नर्सिंग शिकत होती, तिथून एक दिवस तिचं पत्र आलं. एका ख्रिस्ती मुलाशी लग्न करते आहे, तो कल्याणलाच रेल्वेत आहे, मला शोधू नका. मुलाचं नाव नाही, काही नाही. हॉस्टेल सोडून ती कुणा बाईंकडे राहायला गेली होती, त्या बाई कोण ते कोणी सांगेना. माझे सासरे, नाना, कोर्टात कारकून. दुसरे लोक आरडाओरडा करतात, नाना कायद्यानं रागवत. पत्र वाचून त्यांनी शांतपणे चष्मा पुसला आणि यांना म्हणाले, "त्यांच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात नावं पुकारतात. कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. तिचं नाव कुठं ना कुठं येणारच." लगेच कागद घेऊन हरकत लिहिली. मुलगी एकवीस वर्षांची नाही, बापाची संमती नाही, सबब लग्न लावू नये. खाली झोकदार सही. "नाव ऐकलंस की हा पाद्र्याच्या हातात ठेवायचा, बस्स."

मुलगा ख्रिस्ती एवढंच ठाऊक, त्यातला कुठला ते कुणाला माहीत? आमच्या माहितीतली चर्चं तीन होती. तीन चर्चं, तीन रविवार; पाळीपाळीनं गेलं की नाव निसटायचं नाही, हे नानांचं गणित. कागद चार घड्या करून यांनी काळ्या टोपीच्या आतल्या पट्टीत खोचला आणि निघाले. पहिल्याच दिवशी फजिती झाली. देवाच्या घरी जायचं म्हणून चपला बाहेर काढल्या आणि टोपी डोक्यावर ठेवून आत गेले. तिथं सगळं उलटं! लोक बूट घालून आत आणि डोकी उघडी. कुणीतरी मागून खांद्यावर थाप मारून टोपीकडे बोट दाखवलं. "तेव्हा ती काढली आणि सबंध वेळ मांडीवर धरून बसलो, आत कागद," हे मला सांगत होते आणि हसत होते. मला काही हसू आलं नाही.

मग दर रविवारी दुपारच्या जेवणाला मला त्या चर्चांची हकीकत. कॅथलिकांकडे सगळं लॅटिनमध्ये, एक अक्षर कळत नाही पण गुडघे मात्र मोडून येतात. शेजारच्या म्हातारीनं यांना बघून आपली पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली म्हणे. रेल्वे कॉलनीतल्या इंग्रजी चर्चमध्ये गोऱ्या-सावळ्या मडमा हॅट घालून येतात, आणि एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरनं बाहेर गाठून विचारलं, "तू सीआयडीचा का?" हे नाही म्हणाले तरी त्याचा विश्वास बसला नाही, पण केकचा तुकडा दिला. तो यांनी खाल्ला! आणि तिसरं मराठी चर्च. तिथं जमिनीवर चटया, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, पेटी-तबला. "अगं, आपल्याच चाली. अभंग म्हणतात, ओव्या म्हणतात. नाव तेवढं येशूचं." तिथले पाद्रीसाहेबही वेगळ्याच संशयात. हा गृहस्थ सारखा येतो तेव्हा याला बाप्तिस्माच घ्यायचा असणार! त्यांनी एक दिवस बायबलातलं एक पुस्तक भेट दिलं, आणि हे ते घेऊन आले.

झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. हे आंघोळ करताना त्यातली गाणी गुणगुणायचे. मी पाणी द्यायच्या निमित्तानं जाऊन जानवं जागेवर आहे ना ते बघून यायची. मला तेव्हा तिसरा महिना होता. बहीण गेली तसा हाही गेला तर मी पोटातल्या जीवाला घेऊन कुठं जाऊ, या विचारानं अन्न गोड लागेना. असे चार-पाच महिने गेले, आणि मग यांची चर्चांची पाळी चुकली. मराठी चर्चचा रविवार होऊन गेला होता, आता कॅथलिकांचा. पण निघताना यांच्या बोलण्यात पुन्हा पेटी आणि चटया आल्या तशी मी म्हटलं, "मी पण येते." हे गडबडले. "तुला कशाला दगदग?" म्हणाले. माझा संशय दुणावला. मी लुगडं बदलून तयारच झाले.

डोक्यावर पदर घेऊन बायकांच्या बाजूला बसले. सुमन काही तिथं दिसली नाही. भजन झालं, आणि पाद्रीसाहेबांनी कागद उघडून खणखणीत आवाजात सुमनचं नाव वाचलं. नानांच्या नावासकट! कुणा सायमनबरोबर. "ही दुसरी वेळ," असंही म्हणाले. कुणाची हरकत असेल तर त्यानं बोलावं. मी पदराआडून यांच्याकडे बघितलं. टोपी मांडीवर, तिच्यावर दोन्ही हात, नजर चटईवर. हललेसुद्धा नाहीत. घरी आलो तर नाना ओसरीवर वाट बघत. "काय?" हे टोपी खुंटीला लावत म्हणाले, "नाही, नाना. आजही नाही." इतक्या सहज! ज्या माणसाला खोटं बोलता येत नाही असं मी समजत होते तो बापासमोर उभा राहून खोटं बोलला, आणि मला वाटलं, संपलं. हा तिकडचा झाला.

आज कळतं, यांना बहिणीचं सुख हवं होतं, दुसरं काही नव्हतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की हे लग्न मोडलं की यांचं चर्चमध्ये जाणं थांबेल. शनिवारी हे कचेरीत टोपी न घालताच गेले, गडबडीत. मी खलबत्त्यात हळद कुटत होते. तशीच उठले, टोपीच्या पट्टीतून कागद काढला, भाजीला जाते म्हणून सांगितलं आणि पाद्रीसाहेबांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोच्या हातात दिला. "साहेबांना वाचायला द्या." त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "उन्हाच्या आलात, पाणी तरी घ्या." मी घेतलं नाही. जड पोटानं लगबगीनं घरी आले.

लग्न थांबलं. सुमनला एकवीस पुरी व्हायला आठ महिने होते. त्या मुलाची आधी भुसावळला बदली झाली, मग त्याच्या घरच्यांनी नगरकडची मुलगी बघून त्याचं लग्न लावून टाकलं. सुमन ठाण्याला शिक्षण पुरं करून नर्स झाली, पुढं मेट्रन, आणि जन्मभर एकटी राहिली. नानांनी यांची पाठ थोपटली, "शेवटी माझा मुलगा!" हे काहीच बोलले नाहीत. मलाही एका शब्दानं विचारलं नाही. मी समजले, नानांनीच दुसरा कागद पाठवला असेल असं यांना वाटलं असणार. सुटले बाई! त्या दिवसापासून यांनी टोपी मात्र घातली नाही. नाना कडाडले, "बाप जिवंत असताना बोडका फिरतोस?" तर म्हणाले, "डोक्याला गरम होतं, नाना." मला वाटलं, बघा, हीच ती उघड्या डोक्याची खूण! पुढं कित्येक वर्षं मी यांचे खिसे, ट्रंका, पुस्तकं उपसत राहिले. क्रूस सापडला नाही, जानवं सुटलं नाही, माझा संशयही सुटला नाही. त्या टोपीला मात्र मी कधी हात लावला नाही. समोर खुंटीवर होती, पण तिच्याकडे बघायचीच मला भीती वाटायची.

तेराव्याला चहा पिता पिता सुमन बोलून गेली, "त्या तिसऱ्या रविवारी मी आले होते. नाव वाचलंच नाही. प्रार्थना झाल्यावर पाद्रीसाहेबांनी दादाला बोलावून तो कागद परत दिला. त्याच्या हातात कागद, मी या डोळ्यांनी बघितला, वहिनी. मी विचारलं, 'दादा, तू?' तर त्यानं नाही म्हटलं नाही."

ती गेल्यावर मी स्टूल घेऊन खुंटीवरची टोपी काढली. मखमल पार विटली होती. आतली पट्टी उलटली तर कागद तिथंच होता, चार घड्यांचा. नानांची झोकदार सही, आणि कोपऱ्यावर हळदीचं बोट. माझं. टोपीच्या अंधारात राहिलं म्हणून अजून पिवळं… म्हणजे यांना त्याच दिवशी कळलं होतं. बहिणीनं तोंडावर विचारलं तेव्हा हातात माझं बोट होतं, आणि हे गप्प राहिले. घरी येऊन मी वाढलेलं जेवले. आणि मी मेली, यांची जानवी मोजत बसले!

येत्या रविवारी मी ठाण्याला जाणार आहे. टोपी पिशवीत घातली आहे, कागद आहे तिथंच ठेवून. कुणाची हरकत असेल तर त्यानं बोलावं, असं ते पाद्रीसाहेब म्हणाले होते. हे बोलले नाहीत. आता मी बोलेन. सुमननं दार लावून घेतलं, तर दाराबाहेरून बोलेन.